अचूकता कुणाच्या मालकीची?

(सावेडी, अहिल्यानगर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



उपग्रह आणि ट्रॅक्टर हा विषय मी सुचवला, तेव्हा संयोजकांपैकी एकाने मला हळूच विचारलं, "पाइपलाइन रोडला आता औत धरणारा माणूस सापडेल का?" प्रश्न रास्त आहे. गुलमोहर रोडपासून भिस्तबाग महालापर्यंत आता सोसायट्या आणि बंगले आहेत. पण या सभागृहातल्या पुष्कळांचा सातबारा अजून पारनेर, नेवासा, राहुरी, शेवगाव, पाथर्डीत कुठेतरी आहे. रान वाट्याने दिलेलं असतं, ट्रॅक्टरचं भाडं इथून फोनवर पाठवलं जातं आणि दिवाळीला गावी गेल्यावर बांध मागच्या वर्षीपेक्षा बारीक दिसतो. तेव्हा विषय तुमचाच आहे.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही माला चालते, त्यांनी आयुष्यभर गणित शिकवलं आणि उत्तराबरोबर एकक लिहिलं नाही तर गुण कापले, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. आजचं व्याख्यान एका अर्थाने एककाबद्दलच आहे. उपग्रहांच्या आधाराने चालणारा ट्रॅक्टर दोन-तीन सेंटिमीटरच्या आत सरळ तास मारतो, ही जाहिरात आपण पाहतो. ती खोटी नाही. पण ते दोन सेंटिमीटर ट्रॅक्टरच्या आत नसतात, उपग्रहातही नसतात. जमिनीवर एका जागी पक्कं बसवलेलं एक केंद्र असतं, त्याच्याकडून ते येतात. त्याला बेस म्हणतात. हा बेस कुणाचा असावा, एवढंच मला आज सांगायचं आहे.

काठी, साखळी आणि आणा

या शहराचा मोजमापाशी जुना संबंध आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जमिनीची पाहणी करून, प्रतवारी लावून सारा ठरवण्याची पद्धत घातली. पुढे शिवशाहीत अण्णाजी दत्तोंच्या पाहणीत पाच हात पाच मुठींची काठी ठरली आणि वीस काठ्या लांब, वीस काठ्या रुंद तो बिघा झाला. हात कुणाचा, मूठ कुणाची, हा वाद एका ठरलेल्या काठीने मिटवला. काठी पाटलाची नव्हती आणि रयतेचीही नव्हती, म्हणून दोघांना ती मान्य करावी लागली.

इंग्रजी अमलात प्रिंगलने दख्खनची पहिली मोठी मोजणी केली, ती फसली. मग १८३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी सुरू केली. आपला गुंठा त्याच व्यवस्थेतला आहे. तेहेतीस फुटांची साखळी, एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तो गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट. साखळीचे सोळा आणे. एक आणा म्हणजे दोन फुटांहून किंचित जास्त, आजच्या मापात ६३ सेंटिमीटर. जुन्या टिपणावर मोजणीदाराने साखळ्या आणि आणे लिहिलेले असतात. आण्याच्या खालची जमीन त्याच्या लेखी जवळपास नसायचीच, आणि भावाभावांतले अर्धे खटले नेमके त्या आण्याच्या खालच्या जमिनीवर चालत आले आहेत.

याच काळात देशभर त्रिकोणमितीय सर्वेक्षण चाललं होतं. विल्यम लॅम्ब्टनने १८०२ साली मद्रासजवळ सुमारे साडेसात मैलांची एक सरळ रेघ अतिशय काळजीपूर्वक मोजली आणि तिच्यावर त्रिकोणांमागून त्रिकोण चढवत तो उत्तरेकडे निघाला. हा माणूस १८२३ साली आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला, काम चालू असतानाच. त्याची शिस्त आपल्याला अजून कामाची आहे. आधी एक गोष्ट शंकेला जागा न ठेवता पक्की करायची आणि बाकी सगळं तिच्यावरून काढायचं. त्याने एक रेघ पक्की केली. बेसमध्ये आपण एक बिंदू पक्का करतो.

बेस काय करतो

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांच्या जोडीला रशियाचा ग्लोनास, युरोपचा गॅलिलिओ, चीनचा बायदू आणि आपला नाविक आहे. प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असतं. उपग्रह सतत सांगत असतो, "मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजलेत." खालचं यंत्र तो संदेश पोचायला किती वेळ लागला ते मोजतं आणि त्यावरून अंतर काढतं. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटिमीटर जातो, म्हणून घड्याळ एवढंसं चुकलं तरी फूटभर जमीन इकडची तिकडे होते. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचा परिणाम धरला नाही, तर उपग्रहावरचं घड्याळ दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळेल आणि त्या एका दिवसात हिशेब सुमारे ११ किलोमीटरने चुकेल.

एवढी काळजी घेऊनही तुमच्या खिशातला फोन तीन ते पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो. उपग्रहाच्या कक्षेतली किंचित चूक, घड्याळातली किंचित चूक आणि सगळ्यांत मोठी म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांतून येताना संदेशाला होणारा उशीर, या त्या चुका. २ मे २०००पर्यंत अमेरिका मुद्दामही चूक मिसळत असे, ती तिने त्या दिवशी थांबवली. आपल्या इस्रोने आणि विमानतळ प्राधिकरणाने मिळून उभारलेली गगन ही प्रणाली विमानांसाठी दुरुस्ती उपग्रहावरून पाठवते आणि चूक दोन-तीन मीटरपर्यंत आणते. विमानाला ते पुरतं. उसाच्या दोन सऱ्यांत चार-पाच फूट अंतर असतं, म्हणजे सव्वा ते दीड मीटर. फोन हातात घेऊन सरीत उभे राहिलात, तर तुम्ही कोणत्या सरीत आहात हे त्याला सांगता येत नाही.

इथे बेस येतो. बाजार समितीत तोलाईच्या काट्याचा संशय आला, तर आधी त्यावर खात्रीचं वजन ठेवतात. पन्नास किलोच्या वजनाला काटा एकावन्न दाखवत असेल, तर पुढच्या प्रत्येक पोत्यातून एक किलो वजा करायचा. बेसचं तसंच आहे. तो कुठे आहे हे आधीपासून सेंटिमीटरपर्यंत माहीत असतं. उपग्रह त्याला दर सेकंदाला कुठे आहेस ते सांगतात, तो खरी जागा आणि सांगितलेली जागा यांतला फरक काढतो आणि हा फरक रेडिओवरून किंवा मोबाइलच्या इंटरनेटवरून ट्रॅक्टरला पाठवतो. ट्रॅक्टर जवळच असेल, तर दोघांच्या डोक्यावरचं आकाश जवळपास सारखंच असतं. म्हणून बेसची चूक ती ट्रॅक्टरचीही चूक. ती वजा केली की काम झालं.

सेंटिमीटर येतात ते आणखी एका युक्तीने. उपग्रहाच्या संदेशाची वाहक लहर फक्त १९ सेंटिमीटर लांबीची असते. त्या लहरीचा कोणता भाग आत्ता आपल्यापाशी पोचला हे यंत्राला मिलिमीटरमध्ये कळतं, मात्र उपग्रहापासून इथपर्यंत अशा किती पूर्ण लहरी आहेत हे सुरुवातीला कळत नाही. बेस आणि ट्रॅक्टर मिळून हा पूर्णांक शोधून काढतात. तो सापडेपर्यंत पडद्यावर 'फ्लोट' दिसतं, सापडला की 'फिक्स'. मोजणीवाल्यांच्या तोंडी हे शब्द आता रुळले आहेत. "फिक्स लागला का?" असं ते एकमेकांना बांधावरून ओरडून विचारतात. बेसपासून जितकं लांब जावं तितकी चूक वाढते, ढोबळ मानाने दर दहा किलोमीटरला एक सेंटिमीटर. फार लांब गेलात तर डोक्यावरचं आकाशच वेगळं होतं आणि फिक्स लागायला तयार होत नाही.

राहुरी तालुक्यातलं एक रान

राहुरी तालुक्यात उसाच्या लागणीआधी सऱ्या पाडण्याचं असं एक प्रात्यक्षिक मी पाहिलं. रानाच्या कोपऱ्यात तिपाईवर बेस ठेवला होता. ट्रॅक्टरच्या टपावर बशीसारखा अँटेना, सुकाणूच्या दांड्यावर बसवलेली मोटर आणि ड्रायव्हरसमोर एक पडदा. ड्रायव्हरने एका टोकाला थांबून 'ए' दाबलं, दुसऱ्या टोकाला जाऊन 'बी' दाबलं. त्या दोन बिंदूंमधली रेघ ही पहिली सरी. पुढच्या सगळ्या सऱ्या पडद्यावर आपोआप आखल्या गेल्या. मग त्याने सुकाणू सोडलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. ते सोडणं त्याला जड गेलं. हात पुन्हा पुन्हा सुकाणूकडे जात होते.

रानाला एका बाजूने उतार होता. अँटेना जमिनीपासून साधारण २.७ मीटर उंच असतो. ट्रॅक्टर कडेला पाच अंशांनी कलला, तर टपावरचा अँटेना खालच्या फाळाच्या तुलनेत जवळजवळ २३ सेंटिमीटर बाजूला जातो. उपग्रह अँटेनाची जागा सांगतो, फाळाची नाही. म्हणून चांगल्या यंत्रात कल मोजणारा संवेदक असतो आणि तो ही चूक काढून टाकतो. स्वस्तात घेतलेल्या यंत्रात तो नसला, तर दोन सेंटिमीटरच्या जाहिरातीला सपाट रानाबाहेर अर्थ उरत नाही. शेवटच्या दोन सऱ्या बांधावरच्या लिंबाखालून जात होत्या. तिथे झाडाने आकाश झाकलं, पडद्यावर 'फ्लोट' आलं, यंत्राने सुकाणू सोडून दिलं आणि ड्रायव्हरने निमूटपणे ते हातात घेतलं.

बांधावर बसून पाहणारे एक आजोबा होते. संपल्यावर ते म्हणाले, "सर, सरळ तास आमचा बापबी मारायचा, पाभर धरून. ह्यानं बांध कुठंय ते सांगता येतं का?"

त्या एका प्रश्नात या विषयाचं अर्धं उत्तर आहे, पण त्यावर येण्याआधी पैशांचा हिशेब मांडू.

एकराचा हिशेब

हे तंत्र जन्मलं मोठ्या रानांसाठी. १९९०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ब्रॅडफर्ड पार्किन्सन यांच्या संशोधकांनी जीपीएसवर ट्रॅक्टर हात न लावता चालवून दाखवला. तिथलं एक तास आपल्या अख्ख्या गावच्या शिवाराएवढं लांब. महाराष्ट्रात १९७०-७१च्या कृषिगणनेत सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होतं, २०१५-१६च्या गणनेत ते १.३४ हेक्टरवर आलं. म्हणजे सव्वातीन एकर, तेही बहुधा दोन-तीन तुकड्यांत.

एक एकराचं चौरस रान घ्या. बाजू सुमारे ६४ मीटर. पाच फुटी पेरणीयंत्राला साधारण ४२ फेऱ्या लागतात. ड्रायव्हर प्रत्येक फेरीत सहा इंच मागच्या फेरीवर चढला, तर ४७ फेऱ्या होतात. पाच फेऱ्यांचं डिझेल जास्त, आणि दहावा हिस्सा रानात बी आणि खत दुप्पट. हे वाचतं, खरं आहे. पण ६४ मीटरचं तास ताशी पाच किलोमीटरने पाऊण मिनिटात संपतं आणि मग वळायचं. एकरात बेचाळीस वेळा वळायचं असेल, तर ट्रॅक्टरचा बराच वेळ बांधालगतच जातो. तिथे उपग्रह फारशी मदत करत नाही.

त्याहून मोठी अडचण भाड्याची आहे. आपल्याकडे बहुतेकांचा ट्रॅक्टर भाड्याचा आणि दर एकरी. फेऱ्या कमी झाल्या तर ट्रॅक्टरवाल्याचं डिझेल वाचेल, पण बी आणि खत वाचेल ते शेतकऱ्याचं. यंत्रणेचे पैसे मात्र सगळे ट्रॅक्टरवाल्याने घालायचे. शेतकऱ्याचा फायदा दरात उतरला नाही, तर तो ही यंत्रणा कशाला घेईल? २०२५च्या खरिपात अकोला जिल्ह्यात अशा सुकाणूने सोयाबीन पेरल्याच्या बातम्या आपण वाचल्या. बातमीत ट्रॅक्टर सरळ चालतो, एवढं कळतं. एकरी दरात तो कसा बसवायचा, हे ज्याचं त्याला ठरवावं लागतं.

मग आपल्याला याचा उपयोग काय? माझ्या मते सरळपणा हा दुय्यम फायदा आहे. खरा फायदा आहे तीच जागा पुन्हा सापडण्याचा. उसाचा खोडवा दोन-तीन वर्षं राहतो. ठिबकच्या नळ्या जमिनीखाली असतील, तर मशागतीच्या फाळाला त्या कुठे आहेत हे कळायला हवं, नाहीतर एका फेरीत सगळी लॅटरल कापली जाते. काळ्या रानात ट्रॅक्टरची चाकं दर वेळी नव्या जागी गेली, तर सगळं रान दाबलं जातं, तीच चाकोरी दर वेळी धरली तर उरलेलं रान मोकळं राहतं. ऊसतोडणी यंत्र आलं की त्याला सऱ्यांचं अंतर एकसारखं लागतं. आणि फवारणीच्या ड्रोनला तर बांध ओलांडला हे वरून कळणारच नाही, ते त्याला कुणीतरी आकड्यांत सांगावं लागतं. या सगळ्या कामांत लागणाची रेघ आज आखायची आणि तीन वर्षांनी, दुसऱ्या ट्रॅक्टरने, दुसऱ्या ड्रायव्हरने, तीच रेघ धरायची असते.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात जागतिक बँकेच्या साहाय्याच्या प्रकल्पातून हवामान-अनुकूल शेतीसाठी ड्रोन आणि स्वयंचलित सिंचनावर काम झालं आहे. १९६८ साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ इथून तासाभराच्या वाटेवर आहे. ज्यांना ही यंत्रं डोळ्यांनी पाहायची आहेत त्यांनी कंपनीच्या दालनाआधी तिथे जावं, असं मी सुचवीन.

सरकणारी जमीन, बिघडणारं आकाश

तीच रेघ तीन वर्षांनी सापडण्यात एक मौज आहे. आपल्या पायाखालची भारतीय भूपट्टी ईशान्येकडे वर्षाला जवळपास पाच सेंटिमीटर सरकते. गोल्डस्मिड-विंगेटच्या मोजणीपासून आजवर हे रान, हे सावेडी, ती इंदापूरची शेतं अशी सगळी मिळून नऊ-साडेनऊ मीटर पुढे गेली आहेत. आपल्याला काही जाणवलं नाही, कारण शेजाऱ्याचा बांधही तेवढाच गेला. पण उपग्रहांचा हिशेब पृथ्वीच्या केंद्रापासून चालतो. थेट उपग्रहावरून दुरुस्ती घेऊन, त्या जागतिक आकड्यांत, आज साठवलेली उसाची रेघ पाच वर्षांनी जशीच्या तशी उघडली, तर ती पाव मीटर चुकलेली असेल. गावातला बेस मात्र गावाबरोबरच सरकतो. त्याच्यापासून मोजलेली सरी दहा वर्षांनीही तिथेच सापडते. जवळचा, स्थिर, नोंदलेला बिंदू लागतो तो यासाठी.

आकाशाचंही एक आहे. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. १९६३ साली थुंब्याला अग्निबाण सोडण्याचं केंद्र झालं ते त्यामुळेच. या विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना वातावरणाचा विद्युतभारित थर सगळ्यात दाट आणि चंचल असतो, आणि आपण त्या पट्ट्यात येतो. सूर्यास्तानंतर काही तास, विशेषतः सूर्यावर डाग वाढलेले असतात त्या वर्षांत, चांगल्या यंत्राचाही फिक्स सुटू शकतो. मे २०२४मध्ये मोठं सौर वादळ आलं, तेव्हा अमेरिकेच्या मध्य भागात ऐन पेरणीत ट्रॅक्टरांची ही यंत्रणा कोलमडली आणि शेतकऱ्यांना थांबावं लागलं. म्हणून ड्रायव्हरच्या हाताला सुकाणूची सवय राहिली पाहिजे.

आणि उपग्रहही कायमचे नसतात. नाविकचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ला सोडला गेला. त्यावरची तिन्ही अणुघड्याळं पुढे बंद पडली. २०२३ साली सोडलेल्या एनव्हीएस-०१मध्ये आपण देशी बनावटीचं अणुघड्याळ बसवलं. जानेवारी २०२५मधला एनव्हीएस-०२ मात्र ठरलेल्या कक्षेत पोचला नाही. स्वतःची यंत्रणा हवी असेल, तर ती उभारून भागत नाही, वर्षानुवर्षं सांभाळावी लागते. बेसलाही हे लागू आहे.

बेस कुणाचा

आता त्या आजोबांच्या प्रश्नाकडे येतो. बांध कुठे आहे, हे ट्रॅक्टर सांगू शकतो का?

कायद्याने नाही. हद्द ठरवायचा अधिकार भूमी अभिलेख विभागाचा. पण हा विभाग आता साखळीने मोजत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाने देशभर कायम चालू राहणाऱ्या बेसचं जाळं उभारलं आहे, त्याला कॉर्स म्हणतात. महाराष्ट्रात अशी ७७ केंद्रं आहेत. मोजणीदार हातात रोव्हर, म्हणजे उपग्रहांचे संदेश घेणारं फिरतं यंत्र, घेऊन बांधावर उभा राहतो आणि ही केंद्रं त्याला दर सेकंदाला दुरुस्ती पाठवतात. नव्या मोजणीच्या नकाशावर, म्हणजे क प्रतीवर, अक्षांश-रेखांश येऊ लागले आहेत. अक्षांशाचा सातवा दशांश म्हणजे जमिनीवर एक सेंटिमीटर. साखळीचा आणा ६३ सेंटिमीटरचा होता, हे आठवा.

म्हणजे तुमचा बांध आणि तुमच्या ट्रॅक्टरची रेघ आता एकाच आकड्यांत लिहिता येतात, अट एवढीच की दोघांनी एकाच बेसवर विश्वास ठेवला पाहिजे. ट्रॅक्टर कंपनीच्या बेसवर चालतो आणि मोजणी सरकारी बेसवर होते, असं झालं तर दोन्ही आपापल्या जागी अचूक असूनही एकमेकांशी जुळणार नाहीत. बांध कोरणारा शेजारी मग म्हणेल, "माझ्या ट्रॅक्टरने दाखवलं." भांडण तेच राहील, फक्त त्याला सातवा दशांश चिकटेल.

सार्वजनिक बेस शेतकऱ्याला खुला करणं ही कल्पना माझी नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या वाहतूक खात्याने रस्त्यांच्या मोजणीसाठी बेसचं जाळं उभारलं आणि शेतकऱ्यांनाही त्याचे संदेश फुकट घेऊ दिले. फ्रान्समध्ये २०१९ साली तिथल्या सरकारी कृषी संशोधन संस्थेतून सांतिपेद नावाचं जाळं सुरू झालं. त्यात शेतकरी, संस्था, हौशी लोक आपापल्या छपरावर स्वस्त बेस बसवतात आणि त्याचा संदेश सगळ्यांना वापरू देतात. हे शक्य झालं कारण दोन वारंवारता पकडणारी यंत्रं २०१८नंतर फार स्वस्त झाली आणि तोमोजी ताकासू या जपानी संशोधकाने गणिताचं सॉफ्टवेअर आधीच सर्वांसाठी मोकळं केलं होतं. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात ब्रायन टिश्लर या शेतकऱ्याने ट्रॅक्टर चालवणारं सॉफ्टवेअर स्वतः लिहिलं आणि तेही मोकळं ठेवलं.

आपल्याकडे १५ फेब्रुवारी २०२१च्या भूस्थानिक मार्गदर्शक सूचनांनी पूर्वीचं परवान्यांचं जंजाळ काढून टाकलं. सर्वेक्षण विभागाकडे नोंदणी करून कॉर्सची सेवा घेता येते. ट्रॅक्टरवाल्यांपर्यंत मात्र ही गोष्ट पोचलेली नाही. त्यांना विक्रेता सांगतो ती वार्षिक वर्गणी भरायची एवढंच माहीत असतं.

महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाला ७७ने भागलं, तर एकेका केंद्राच्या वाट्याला सुमारे ४,००० चौरस किलोमीटर येतात. आपल्या १७,०४८ चौरस किलोमीटरच्या जिल्ह्याला सरासरीने चार. जाळ्यातली केंद्रं मिळून मधल्या जागेचा हिशेब काढतात, त्यामुळे मोजणीला ते पुरतं. पण मोबाइलची रेंज नसलेल्या अकोले तालुक्याच्या डोंगरात किंवा दिवसभर न थांबता चालणाऱ्या सरी यंत्राला जवळचा, रेडिओवर बोलणारा बेस जास्त भरवशाचा. तो कुणी बसवायचा? याचं उत्तर या जिल्ह्याने एकदा दिलेलं आहे.

१९४८ साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना नोंदला गेला, १९५०पासून गाळप सुरू झालं. एकट्या शेतकऱ्याला चरक परवडत नव्हता, म्हणून हजारोंनी मिळून घेतला. सहकाराचं पुढे काय झालं यावर तुमची-माझी मतं असतील, पण त्या यंत्रणेकडे आज तीन गोष्टी तयार आहेत. उंच छप्पर आहे, चोवीस तास वीज आहे, आणि गावोगाव फिरणारा चिटबॉय आहे, जो कुणाच्या किती एकरात कोणत्या तारखेला लागण झाली हे नोंदवतो. कार्यक्षेत्राच्या दहा-पंधरा किलोमीटरच्या परिघात एक बेस पुरतो. त्याची जागा एकदा कॉर्सशी जोडून घेतली की त्याचे आकडे आणि मोजणीचे आकडे एक होतात. सभासदाच्या रानात भाड्याने येणारा कुणाचाही, कोणत्याही रंगाचा ट्रॅक्टर तो वापरू शकेल, मात्र संदेश कंपनीच्या बंद भाषेत न पाठवता आरटीसीएम या खुल्या आंतरराष्ट्रीय नमुन्यात पाठवला पाहिजे. बेसचा खर्च कारखान्याने उचलला की भाड्याचं कोडंही सुटू लागतं, कारण ज्याचं बी-खत वाचतं तो सभासदच त्या कारखान्याचा मालक असतो.

आक्षेप आहेत, आणि ते खरे आहेत. वीज पडेल, बॅटरी बदलायला कुणी जाणार नाही, निवडणूक झाली की नवं मंडळ आधीच्यांचा बेस बंद ठेवील. कुणाच्या रानात ट्रॅक्टर कधी, कुठे फिरला याची नोंद कुणाच्या हाती राहील, हाही प्रश्न आहे. बेसला ती नोंद ठेवण्याची गरज नसते, तो फक्त दुरुस्ती पाठवतो, म्हणून ती ठेवायचीच नाही असा ठराव आधी व्हावा. देखभालीसाठी नेमलेला माणूस, त्याचा पगार आणि दर महिन्याला ज्ञात खुणेवर रोव्हर ठेवून केलेली तपासणी, हे लेखी नसेल तर बेस बसवू नये. न तपासलेला बेस नसलेल्या बेसपेक्षा वाईट, कारण तो आत्मविश्वासाने सगळ्या गावाला एकच चूक पाठवतो.

श्रोतेहो, काठी ठरली तेव्हा ती राज्याने ठरवली, साखळी आली तेव्हा ती सरकारी होती. प्रत्येक वेळी माप सर्वांचं होतं म्हणूनच त्यावर न्याय मागता आला. आता पहिल्यांदाच शेताचं माप दुकानात वर्गणीवर मिळू लागलं आहे. खाजगी ट्रॅक्टर असावा, खाजगी औजार असावं, माझी हरकत नाही. ज्याच्यावरून सगळे मोजतात तो बिंदू मात्र सगळ्यांचा असावा.

तुमच्यापैकी अनेकजण कुठल्या ना कुठल्या कारखान्याचे किंवा विकास सोसायटीचे सभासद आहात. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस येते, अहवाल येतो, आपण तो न वाचता रद्दीत टाकतो. या वेळी वाचा आणि मुदतीत लेखी विषय द्या: आपल्या कार्यक्षेत्रासाठी कॉर्सशी जोडलेला, खुल्या नमुन्यात संदेश देणारा, तपासणीचा आराखडा ठरलेला बेस उभारण्याचा विचार करावा. मंडळ म्हणेल, खर्च किती? तो आकडा मागवणं हेच पहिलं काम आहे. आकडा आल्यावर भांडता येईल, आणि गुरुजींच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको, त्या आकड्यापुढे एकक लिहिलेलं असेल याची खात्री करून घ्या.